सायकल दुकानात टाकण्याआधी काउंटरवर काय बोलायचं

‘सर्व्हिसिंग करून ठेवा, संध्याकाळी नेतो,’ एवढंच सांगून सायकल दुकानात टाकली की भांडणाची निम्मी तयारी तिथेच झालेली असते. कारण सर्व्हिसिंग म्हणजे नेमकं काय, हे दोन दुकानांत एकसारखं नसतं. एके ठिकाणी पाण्याचा फवारा, चेनवर तेल, ब्रेक थोडे आवळले, हवा भरली की झालं. दुसरीकडे त्याच नावाखाली दोन्ही हब (चाकांचे मधले तुंबे) उघडतात. संध्याकाळी गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला लुटलं, दुकानदाराला वाटतं हा माणूस उगाच हुज्जत घालतोय. दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

म्हणून कामाचं नाव घेऊ नका, काम सांगा. साध्या ट्यूनिंगमध्ये गिअर आणि ब्रेक लावून घेणं, चाकांचा आऊट (डगमग) काढणं, सगळे बोल्ट तपासणं, चेन पुसून तेल देणं आणि हवा भरणं एवढं यायला हवं. ओव्हरऑइलिंग म्हणजे हब, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात तो मधला भाग) आणि हँडलचे कप उघडून जुनं ग्रीस काढायचं, छर्रे बदलायचे, नवं ग्रीस भरून परत बसवायचं. छर्रे स्वस्त असतात आणि जुने धुऊन परत घालण्यात काही अर्थ नसतो. मागच्या हबला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना पाव इंची ९-९ लागतात, पुढच्याला ३/१६ इंची १०-१०. खरा प्रश्न कोनचा, म्हणजे एक्सलवर बसणाऱ्या निमुळत्या नटाचा. कोनवर छर्रे फिरतात त्या पट्ट्यात बारीक खड्डे पडले असतील तर नवे छर्रे आणि ग्रीस घालूनही चाक खरखरतच राहणार. चांगला मिस्त्री हब उघडल्यावर कोन दाखवतो आणि बदलायचा का विचारतो. आणि तुमच्या हबमध्ये सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग असतील तर सुट्या छऱ्यांचा प्रश्नच येत नाही. बेअरिंग वाजायला लागलं की अख्खं बदलायचं. तरीही बिलात ‘हब ओव्हरऑइलिंग’ लागलं असेल तर नेमकं काय केलं ते विचारायला लाजू नका.

दुकान कसं आहे हे पाटीवरून किंवा आत टांगलेल्या लाखाच्या सायकलींवरून कळत नाही. समोरचा माणूस सायकल हातात घेऊन काय विचारतो त्यावरून कळतं. रोज किती चालवता, पावसात नेता का, शेवटचं काम कधी झालं, त्रास नेमका केव्हा होतो, असे चार प्रश्न आले तर बरं लक्षण. काही न विचारता ‘होऊन जाईल’ म्हणणारा माणूस बहुधा एकच ठरलेलं काम सगळ्या सायकलींवर करतो.

तुम्हीही उत्तरं तयार ठेवून जा. ‘आवाज येतो’ ही तक्रार मिस्त्रीच्या काही उपयोगाची नाही. पेडल मारताना येतो की नुसती सायकल सोडल्यावरही येतो? पेडल मारणं थांबवल्यावर बंद होत असेल तर पेडल, क्रँक (पेडलची दांडी), बॉटम ब्रॅकेट, चेन यांच्यात बहुधा काहीतरी आहे. सोडल्यावरही येत असेल तर चाक, हब, ब्रेक. पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येतो की चाकाच्या फेरीला? सीटवरून उठून उभ्यानं पेडल मारल्यावर गायब होत असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या वाटेला जायचंच नाही. सीटपोस्ट (सीटखालची नळी) काढून पुसा, ग्रीस लावा, सीटखालच्या पट्ट्यांचा क्लँप आवळा. ‘दादा, उजवा पाय खाली जाताना कट् असं येतं, उभं राहिलं तरी येतं,’ एवढं सांगितलंत तर मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो आणि तुमचा एक नको असलेला पार्ट. बॉटम ब्रॅकेट बदलून झाला, पैसे दिले आणि आवाज तसाच, हा प्रकार फार वेळा घडतो. आवाज बऱ्याचदा पेडलच्या कोरड्या आट्यांचा किंवा पुढच्या चकतीच्या ढिल्या बोल्टचा असतो. फ्रेमच्या पोकळ नळीत आवाज फिरतो, त्यामुळे कान फसतो. आधी फुकटातल्या जागा तपासायच्या, मग महागड्या, हा क्रम पाळणारा मिस्त्री सोडू नका.

सगळ्यात जास्त वाद होतात ते चेनवरून. चेन बदलली आणि आता जोर दिला की घसरते, म्हणजे दुकानदारानं खराब चेन घातली, असा गिऱ्हाइकाचा समज होतो. चेन बहुतेक वेळा ठीकच असते. चेन वापरात ‘लांबते’ म्हणजे तिच्या पिना आणि त्यांच्या भोवतीचा भाग झिजतो, आणि फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे) दातही तिच्या जोडीनं झिजत जातात. जुनी चेन जुन्या दातांत गुण्यागोविंदानं बसलेली असते, नवी बसत नाही. लहान दातांवर (लहान चकतीवर), चढाला, ती उडी मारते. चेन वेळेत बदलली तर फ्रीव्हील वाचतं, उशीर केला तर दोन्ही जातात.

हे घरी मोजता येतं, साधी स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणलेली असताना एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढे २४ पिना मोजा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचांवर येते. १/१६ इंच पुढे गेली असेल तर झीज साधारण अर्धा टक्का. ११ आणि १२ स्पीडची चेन इथेच बदलायची, ८ ते १० स्पीडची पाऊण टक्क्यापर्यंत चालते. १/८ इंच पुढे म्हणजे एक टक्का, आणि गिअरच्या सायकलीत तोवर फ्रीव्हीलही बहुधा गेलेलं असतं. दुकानदारानं चेन बदलायला सांगितली तर ‘गेज लावून दाखवा’ म्हणा. त्यात त्याचा अपमान नाही. ज्याच्याकडे गेज नाही आणि पट्टीही लावायची नाही, तो नुसत्या नजरेनं सांगतोय. चेन किती स्पीडची हवी हेही बोलून घ्या. ६, ७ आणि ८ स्पीडला एकच रुंदी चालते, ९ पासून पुढे प्रत्येकाची चेन अरुंद होत जाते. नऊच्या गाडीवर आठची चेन चढवली की ती शेजारच्या दाताला घासते, आणि मग गिअर कितीही लावले तरी लागत नाहीत.

भिंतीवर टांगलेल्या हत्यारांकडे एकदा नजर टाका. सात गिअरच्या बहुतेक स्वस्त सायकलींना मल्टी फ्रीव्हील असतं. ते हबवर आट्यांनी बसतं आणि काढायला खाच असलेला रिमूव्हर लागतो. महाग सायकलींना कॅसेट असते, तिला लॉकरिंगचं हत्यार आणि चेन लावलेली दांडी लागते. ही हत्यारं नसली की छिन्नी-हातोडा येतो. लॉकरिंगवर, कोनच्या नटावर, बॉटम ब्रॅकेटच्या कपावर छिन्नीचे व्रण दिसले तर आधीचं काम कसं झालं ते वेगळं विचारायला नको. बॉटम ब्रॅकेटच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. नेहमीच्या इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, आणि डावं पेडलही उलट्या आट्यांचं. घाईत पेडल तिरपं घुसवून पान्हा मारला की ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे सोलले जातात. पेडलचे पहिले तीन-चार आटे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. पान्हा त्यानंतर. दुकानात बसवताना आटे गेले असतील तर नवीन क्रँक दुकानानं द्यायचा, यावर चर्चा नको.

चाकाचा आऊट काढायला ट्रूइंग स्टँड असला तर उत्तमच, पण नाही म्हणून नाक मुरडू नका. चिमट्याला (चाक धरणाऱ्या फोर्कला) अंगठा टेकवून, रिम आणि नख यांच्यातली फट बघत चाक सरळ करणारे म्हातारे मिस्त्री अजून पेठांमध्ये आणि तालुक्याच्या गावी आहेत. पुढे ३२ आणि मागे ४० आऱ्यांची काळी सायकल त्यांनी आयुष्यभर बांधलेली असते, आणि चकचकीत शोरूममधल्या नवख्या पोरापेक्षा त्यांचा हात कितीतरी साफ असतो. मागच्या चाकाचे आरे एकामागून एक तुटत असतील तर त्यांनाच दाखवा. दर वेळी नुसता तुटलेला आरा बदलून देणारा वेळ मारून नेतो. मूळ कारण बहुतेकदा आरे ढिले असणं हे असतं. ढिला आरा चाकाच्या प्रत्येक फेरीला सैल होतो आणि ताणला जातो, आणि शेवटी हबजवळच्या वाकावर मोडतो. तीन तुटले की पूर्ण चाक नव्यानं बांधून घेणं स्वस्त पडतं. याच मिस्त्रीकडे हायड्रॉलिक ब्रेकची सायकल मात्र नेऊ नका.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एकच प्रश्न विचारायचा: तेल कोणतं घालणार? शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात गेलं तर आतली रबरी सील फुगतात, आणि मग ब्लीडिंगवर (तेल बदलून हवा काढण्यावर) भागत नाही, लिव्हर-कॅलिपर बदलायची पाळी येते. मोटारसायकलच्या दुकानातून आणलेलं ब्रेक ऑइल सगळ्यांना चालतं असं सांगणाऱ्याकडून सायकल उचला आणि घरी या. डिस्क ब्रेक कर्कश ओरडत असेल तर तेही बहुतेक वेळा सर्व्हिसिंगचंच देणं असतं: चेनवर स्प्रे मारताना फवारा डिस्कवर उडालेला असतो. डिस्क स्पिरिटनं पुसून भागतं, पण तेल प्यालेले पॅड घासून क्वचितच सुधारतात, ते बदलावे लागतात. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर आली की निवृत्त करायची. पॅडवरचा घर्षणाचा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड गेले.

नव्या सायकलीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे गिऱ्हाईक सगळ्यात गाफील असतं. कंपनीकडून सायकल खोक्यात, अर्धवट जोडलेली येते. पुढचं चाक, हँडल, सीट, पेडल दुकानात बसतं. पण ब्रेक, गिअर, हबचं प्ले (ढिलेपणा) आणि आऱ्यांचा ताण कारखान्यात लागलेला असेल असं समजून दुकानात कोणी तिकडे बघत नाही. घोडं पेंड खातं ते इथेच. पैसे देण्याआधी हे बघा. चिमटा उलटा बसलेला नाही ना (रिमवर लागणारे ब्रेक मागच्या बाजूला, फ्रेमच्या नळीकडे दिसले तर उलटा आहे, हे दिसतं तितकं दुर्मीळ नाही). पुढचं चाक पायात धरून हँडल पिळलं तर हँडल एकटं फिरत नाही ना. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली तर कपात टक् होत नाही ना. मागचं चाक हातानं डावी-उजवीकडे हलवलं तर खुळखुळत नाही ना.

आणि डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग. मागून बघा, त्याची दोन्ही चाकं आणि फ्रीव्हीलचा दात एका सरळ रेषेत दिसायला हवेत. खोक्यात दाब बसून हँगर (डिरेल्युअर फ्रेमला जोडणारी पट्टी) आतल्या बाजूला वाकलेला असणं ही नेहमीची गोष्ट. असा वाकडा हँगर तसाच ठेवून नुसते स्क्रू फिरवत गिअर लावले की दोन गिअर लागतात, तिसरा लागत नाही. हँगर सरळ करायचं हत्यार असतं, ते रिमच्या चार ठिकाणी टेकवून अंतर सारखं करतात. त्याहून धोक्याचा डिरेल्युअरवरचा इंग्रजी एल लिहिलेला स्क्रू. तो जास्त मोकळा राहिला तर सगळ्यात मोठ्या दातावर चेन टाकताना डिरेल्युअर आऱ्यांत घुसतो. चढावर, जोर देताना. मग आरे, हँगर, डिरेल्युअर सगळं एकदम जातं. दुकानात मागचं चाक उचलून चेन सगळ्यात मोठ्या दातावर टाका आणि बोटानं डिरेल्युअर आत ढकलून बघा. आऱ्यांना लागता कामा नये. सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्या, कारण तो बहुतेक वेळा फ्रेमप्रमाणे वेगळा असतो आणि मॉडेल बंद पडलं की शोधून सापडत नाही.

पहिली मोफत सर्व्हिसिंग बरेच जण टाळतात. टाळू नका. पहिल्या महिन्यात केबलचं आवरण आणि टोप्या जागेवर बसतात, केबल सैल पडते, आरे रुळतात. शिवाय क्रँक. चौकोनी टोकाच्या एक्सलवर बसलेला क्रँक, विशेषतः डावा, थोडा ढिला झाला आणि तसाच चालवला तर त्याचं चौकोनी भोक गोलावतं. त्यानंतर कितीही आवळा, तो परत ढिला होणार. तो बोल्ट ३५ ते ५० न्यूटन मीटरला आवळायचा असतो, म्हणजे लांब दांडीच्या पान्ह्यानं चांगला जोर लावून. सायकलच्या पाऊचमधल्या बोटभर ॲलन कीनं ते होत नाही. हँडलच्या स्टेमचे बोल्ट याउलट ५-६ न्यूटन मीटरचे, त्यावर तोच जोर लावला तर आटे जातात किंवा बोल्ट मोडतो. कार्बनचं काही असेल तर टॉर्क रेंच नसलेल्या दुकानात देऊच नका.

टायर-ट्यूब मागताना ‘सव्वीसची द्या’ म्हणणं पुरत नाही. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ यांच्या रिमा वेगळ्या आहेत, पहिलीचं माप ५५९ मिलिमीटर, दुसरीचं ५९०. २९ इंची आणि ७०० सी यांची रिम मात्र एकच, ६२२. ७०० सी ची गाडी घेऊन कोणी ‘अठ्ठावीसचं टायर’ मागितलं तर काळ्या सायकलीचं २८ × १ १/२ हातात पडतं, त्याचं माप ६३५, ते सैल बसतं. टायरच्या बाजूवर ‘५०-५५९’ असे दोन आकडे उठवलेले असतात, त्याचा फोटो काढून न्या. वॉल्वही बघून घ्या. बारीक प्रेस्टाला साडेसहा मिलिमीटरचं भोक लागतं, मोटारसायकलसारख्या जाड वॉल्वला साडेआठचं. जाड भोकात बारीक वॉल्वची ट्यूब तशीच घातली की वॉल्वच्या बुडाशी फाटते, आणि ती जागा पॅचनं धरत नाही.

पंक्चरच्या कामात घाई ओळखता येते. कानस किंवा पॉलिश पेपरनं घासायचं, सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि ओलावा जाऊन तो निस्तेज दिसेपर्यंत, साधारण पाच मिनिटं, थांबायचं. मग पॅच दाबायचा. ओल्यावरच पॅच लावला तर उन्हात रस्ता तापल्यावर तो कडेनं सुटतो. त्याहून महत्त्वाचं कारण शोधणं. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि आतून बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकलेली आहे. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली गेली. हे न सांगता नुसता पॅच मारून दिला तर चार दिवसांत तुम्ही परत दारात. टायर स्क्रू ड्रायव्हरनं चढवत असतील तर तिथेच हरकत घ्या.

पावसाळ्यानंतर दुकानांत रांग लागते आणि धुण्याची मोठी हौस असते. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं सायकल चकाचक होते, पण हब आणि बॉटम ब्रॅकेटच्या सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस निघून जातं. ‘फवारा बेअरिंगवर मारू नका’ असं सांगूनच सायकल टाका. चेनवर ग्रीस किंवा वापरलेलं इंजिन ऑइल लावू देऊ नका, पुण्याच्या धुळीत त्याची दळणाची पेस्ट होते. मुंबईत आणि कोकणपट्टीत खाऱ्या हवेनं ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट लोखंडी फ्रेममध्ये कायमचा धरून बसतो. दर ओव्हरऑइलिंगला तो काढून ग्रीस लावायला सांगा (कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट). उंची बरोबर आहे म्हणून वर्षानुवर्षं न हलवलेले सीटपोस्ट शेवटी करवतीनं कापावे लागतात.

आता लिखापढी. जॉब कार्ड देणारं दुकान असेल तर त्यावर काम, अंदाजे खर्च आणि द्यायचा दिवस लिहून घ्या. कार्ड नसेल तर तिथेच उभं राहून व्हॉट्सॲपवर टाका: ‘मागचा हब उघडणे, चेन मोजून सांगणे, ठरलेल्या रकमेवर खर्च गेला तर आधी फोन.’ बदललेले जुने पार्ट परत हवेत, हे आधीच बोला. नंतर मागितले की ते भंगारात गेलेले असतात, आणि खरंच गेलेले असू शकतात. बॉटम ब्रॅकेटखाली फ्रेमचा नंबर कोरलेला असतो, तो बिलावर यायला हवा. वॉरंटी त्यावरच चालते. वॉरंटी फ्रेमची असते आणि ती कंपनी देते, दुकान मधला दुवा. टायर, चेन, ब्रेक शू, केबल हे झिजणारे भाग तिच्यात येत नाहीत, त्यासाठी दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. बिल मात्र सोडू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचं किंवा सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर ठरवलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का मारून ती जबाबदारी टळत नाही. दुकानदार ऐकतच नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही, तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

दुकानदारांची बाजूही मांडायला हवी. ऑनलाइन घेतलेली सायकल खोक्यासकट आणून ‘जरा फिट करून द्या’ म्हणणाऱ्याला जोडणीचे पैसे सांगितले की राग येतो. नीट जोडणी हे अर्ध्या पाऊण दिवसाचं काम आहे, त्याचे पैसे पडणारच. इंटरनेटवरून आणलेला स्वस्त पार्ट बसवायला दिला आणि तो चुकीच्या मापाचा निघाला, तर खोलण्या-बसवण्याची मजुरी द्यावीच लागते. शनिवार-रविवारी सकाळी दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते. मंगळवारी किंवा बुधवारी सायकल टाका, त्याच मिस्त्रीचं त्याच पैशात काम जास्त चांगलं होतं. आणि चिखलानं माखलेली सायकल देऊ नका. भेगा आणि झीज मिस्त्रीला दिसतच नाहीत.

सायकल परत घेताना गिअर स्टँडवर फिरवून ‘बघा, सगळे लागतात’ असं दाखवतात. स्टँडवर चेनवर ताण नसतो, तिथे वाकडा हँगर आणि झिजलेली चेनसुद्धा गुणी वाटते. पैसे देण्याआधी सायकल रस्त्यावर न्या, जवळ चढ असेल तर उत्तम, आणि उभं राहून जोर देत एकेक गिअर टाका. दोन्ही ब्रेक वेगवेगळे पूर्ण दाबा. लिव्हर हँडलला टेकता कामा नये. काही चुकलं तर तिथल्या तिथे परत वळा, कारण मिस्त्रीचा हात अजून तुमच्याच सायकलीवर असतो आणि पुढची गाडी स्टँडवर चढलेली नसते.